कुंपणाच्या आतले

हिल्मारला उद्या सकाळी पुरायचं होतं आणि खड्डा कुंपणाच्या आत खणायचा की बाहेर, हेच अजून ठरलं नव्हतं. फाटकाची किल्ली ओटिलीआत्याकडे. वय एकोणनव्वद, पाठीला बाक आलेला, पण सुंभ जळला तरी पीळ काही गेला नव्हता. बेरेन्स घराण्याच्या दफनभूमीत फक्त जर्मनीहून इथं टेक्सासात आलेल्या मूळपुरुषाचं, हाइनरिशचं रक्त, आणि त्या रक्ताशी लग्न लावलेले. हा नियम तिच्या बापानं केला आणि तिनं तो बायबलच्याही वर नेऊन ठेवला.

हिल्मार माझा धाकटा भाऊ. आईबाबांनी त्याला सॅन अँटोनियोच्या अनाथाश्रमातून तान्हा असताना आणलं. तो घरात नव्हता असा एकही दिवस मला आठवत नाही. "मला आईशेजारी ठेव, फ्रीडा," एवढंच त्यानं जाताना मागितलं. आणि गंमत बघा, हे लोखंडी कुंपण अन् हे फाटक त्यानंच वेल्डिंग करून बसवलेलं. दर वसंतात इथलं गवत त्यानंच कापायचं, तेव्हा कुणाला रक्त आठवलं नाही.

खड्डे खणणारा रुबेन फाटकाबाहेर ट्रकला टेकून उभा होता. आत्यानं कुलूप काढलं, मला आत घेतलं आणि फाटक पुन्हा ओढून घेतलं.

"बाहेर त्या ओकखाली छान सावली आहे," ती म्हणाली.

"मेलेल्याला सावली कशाला लागते गं आत्या?"

"जीभ आवर. घराण्याचा वंशवृक्ष तूच काढतेस ना? सगळ्या टेक्सासभर थडगी घासत फिरलीस. मग दाखव, हिल्मारची फांदी कुठून फुटते? आत्ता किल्ली हातात देते."

दाखवणार काय, कपाळ! मी लावलेलं झाड माझ्याच मुळावर आलं होतं. आम्ही सगळे क्रिस्टियानचे, हाइनरिशच्या एकुलत्या एक जगलेल्या मुलाचे. आत्याचा तो सख्खा आजोबा. तिनं त्याच्या थडग्यावर काठी आपटली.

"यांच्या मांडीवर खेळलेय मी. यांच्या रक्ताचे ते आत. बाकीचे बाहेर."

त्या थडग्याशेजारी एक छोटा दगड आहे. त्यावरही क्रिस्टियानच. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात गेलेलं हाइनरिशचं पोर. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचं ही आमच्या लोकांची जुनी रीत, त्यामुळे दोन क्रिस्टियान बघून कुणालाच काही वाटलं नव्हतं. मलाही नाही. मोठा दगड खचून जन्मतारखेची ओळ मातीत गेली होती, चर्चची कागदपत्रं जळालेली, म्हणून माझ्या झाडावर तेवढी जागा कोरी होती.

पण आज एका चिलखती पाठीच्या आर्मडिलोनं किडे शोधत त्या दगडाच्या पायथ्याशी भलंमोठं बीळ उकरून ठेवलं होतं. खालची ओळ अर्धी उघडी पडली होती. मी गुडघ्यांवर बसले. खोड, दुसरं काय!

"अगं, भाऊ शवपेटीत आणि तू तारखा वाचत बसलीस?"

रागावलेल्या हातांना काहीतरी काम हवं होतं. बोटांनी माती खरवडली, रुमालावर थुंकून अक्षरं पुसली. तीन मार्च १८४२. मग शेजारच्या छोट्या दगडाकडे बघितलं. त्यावरची जन्मतारीख मला पाठ होती. नऊ जानेवारी १८४२.

बोलले तर म्हातारीचा आजोबा जाणार होता, गप्प बसले तर माझा भाऊ. क्षणभर वाटलं, माती परत लोटावी. मग फाटकाच्या गजांकडे लक्ष गेलं. हिल्मारच्या हातचे गज.

"आत्या, हे ऐक." मी दोन्ही तारखा मोठ्यानं वाचल्या.

आत्यानं पाच मुलं जन्माला घातली होती. तिला हिशेब समजावून सांगायची गरज नव्हती. एका आईला दोन महिन्यांच्या अंतरानं दोन मुलगे होत नाहीत.

"दगड कोरणारा चुकला असेल," ती म्हणाली.

"तुझ्या आजोबांनी जिवंतपणीच कोरून घेतला होता ना? समोर उभं राहून? तूच तर सांगायचीस."

वाऱ्यानं ओकची पानं सळसळली, बाहेर रुबेन खाकरला.

"मग ते कोण होते?" आत्यानं विचारलं.

"तेव्हा जहाजातून उतरून समुद्रापासून इथपर्यंत येताना माणसं तापानं पटापट मेली. बैलगाड्यांमागे पोरकी पोरं उरली होती. आपलं गेल्यावर हाइनरिशनं त्यातलं एक त्याच वयाचं घरी आणलं असणार. नावही आपल्याचंच दिलं."

"आणि त्यांचं स्वतःचं नाव?"

"ते आता कोण सांगणार, आत्या?"

तिनं मान वळवली. पलीकडे तिच्या नवऱ्याच्या थडग्याशेजारी तिचा स्वतःचा दगड तयार उभा होता. नाव आणि जन्मसाल कोरलेलं, पुढची जागा रिकामी. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला भीती वाटली, कोसळते की काय. मी कोपर धरलं, तिनं ते झटकून टाकलं. हे दुःख मला तिला द्यायचं नव्हतं.

मग ती काठी टेकत फाटकापाशी गेली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

"रुबेन, ट्रक आत घे. तिथं, माझ्या वहिनीच्या शेजारी खण."

रुबेन जागचा हलेना. "बाई, पण तुमचा नियम...?"

"हिल्मार बेरेन्स आहे," आत्या म्हणाली. "आमच्यासारखाच. उचलून आणलेला."