मुळीमहाराजांचं विरजण

जुन्या गोदामाच्या पटांगणात सकाळपासून रांग लागली होती. कुणी काठी टेकत आलं होतं, कुणी सुनेच्या खांद्याला धरून. ज्यांना चालता येत नव्हतं तेसुद्धा पुढे घुसायला मात्र चपळ होते. समोरच्या ओट्यावर उंच खुर्चीत मुळीमहाराज बसले होते आणि त्यांच्या शेजारी उभा होता माझा सख्खा थोरला भाऊ.

"बघा या मास्तरांना!" महाराज गरजले. "आले तेव्हा दोघांनी धरून आणलं होतं. मास्तर, दाखवा!"

दादाने भर गर्दीत उठाबशा काढल्या. शाळेत शिक्षा म्हणून काढायला लागायच्या तेव्हा रडायचा, इथे हसत हसत काढत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आम्ही दोघे भाऊ शिंपी. तो कापतो म्हणून लोक त्याला मास्तर म्हणतात, मी शिवतो. दिवसभर टेबलाशी उभं राहून कापड कापायचं म्हणजे सगळा भार गुडघ्यांवर. दादाचे गुडघे इतके दुखायचे की एक सदरा कापून झाला की तो स्टुलावर बसून कण्हायचा. अशा माणसाला महाराजांच्या औषधाच्या एका पुडीने दोन दिवसांत धावायला लावलं, तर तो भक्त होणारच. मला शंका यायची. "शंका काढून कुणाचे गुडघे बरे होत नाहीत, भावोजी," असं वहिनीने मला सुनावलं होतं.

औषध बनायचं सगळ्यांसमोर. महाराज एक वाळकी मुळी उंच धरायचे आणि खलात टाकून कुटायचे.

"पाहा, लपवाछपवी नाही! ना गोळी, ना रसायन, शंभर टक्के निसर्ग! निसर्ग कधी कुणाला बाधतो का?"

"नाही!" गर्दी ओरडायची.

"मग विषारी धोतरा?" मी हळूच म्हणालो. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो.

मग कुटलेली पूड पडद्यामागे जायची. का, तर विरजण लावायला! "विरजणाशिवाय दही लागतं का?" महाराज विचारायचे. "तशी सिद्ध पुडीची चिमूट नव्या पुडीत पडली की मुळी जागी होते." दही प्रत्येकाने घरी लावलेलं, त्यामुळे प्रत्येकाला पटायचं. सुक्या भुकटीला विरजण लागणार कसं, हे विचारायचं मात्र सगळे विसरले.

दादाचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. महाराज म्हणाले, तेज चढलंय. कॉलरचं बटण लागेना, तेव्हा पठ्ठ्याने स्वतःच कॉलर उसवून वाढवली आणि आरशात बघून म्हणाला, "तब्येत सुधारतेय!" भूक तर अशी, की वहिनीला दोनदा स्वयंपाक करावा लागायचा. तहानही तशीच. त्यात कात्री लागून अंगठा कापला, तो काही केल्या भरेना. दादाला साखरेचा जुना आजार आहे. महाराजांनी त्याच्या गोळ्याही सोडायला लावल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मी मुलीला बोलावून घेतलं. ती आयुर्वेद शिकलेली वैद्य, परगावच्या रुग्णालयात काम करते. दादा खूश झाला. "ये गं! तू तर आमच्याच बाजूची!"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अंगठ्यावरची चिंधी सोडली. अंगठा सुजून लाल झाला होता, आत पू होता.

"मोठे काका, ती पुडी द्या बघू."

कापायच्या टेबलावर तिने अस्तराचं काळं कापड पसरलं, त्यावर पुडी ओतली आणि दादाचं सुई ओवायचं भिंग घेतलं. तपकिरी भुकटीत पांढरे कण होते. त्यातला एक मोठा तुकडा तिने टाचणीने बाजूला केला.

"बघा."

"मुळीचा गर असेल," दादा म्हणाला.

"नीट बघा. वरची बाजू गुळगुळीत आहे आणि मधोमध सरळ रेघ. गोळी अर्धी मोडता यावी म्हणून कारखान्यात पाडतात ती. कुठल्या मुळीला अशी रेघ असते, काका?"

जन्मभर खडूने सरळ रेघा मारणारा माझा भाऊ बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"कसली गोळी गं?" वहिनीने पुढे येऊन विचारलं.

"तपासायला पाठवते. पण हा चेहरा, ही भूक, न भरणारी जखम... मला स्टेरॉइड वाटतंय. सूज आणि दुखणं झटक्यात दबतं, म्हणून चमत्कार वाटतो. डॉक्टर देतात तेव्हा मोजून देतात, रक्त तपासत राहतात. इथे चिमटीने वाटलंय."

"म्हणजे तुमचा आयुर्वेदही खोटा?" वहिनी म्हणाली.

"नाही, काकू. मी रोज वनस्पतींची औषधं देते आणि पुष्कळांना आराम पडतो. पण त्यांनाही मात्रा असते. काही औषधं एकमेकांशी भांडतात, चुकीची बनवली तर यकृत बिघडवतात. ज्याचा गुण येतो त्याचा त्रासही होऊ शकतो. 'निसर्ग बाधत नाही' असं शिकलेला वैद्य कधीच म्हणणार नाही."

दादा संतापला. सगळ्या पुड्या उचलून मोरीकडे निघाला.

"काका, थांबा! एकदम बंद करायचं नाही! बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं सोडलेलं असतं. अचानक तोडलं तर जिवावर बेतेल. पुड्या बरोबर घ्या, आत्ताच रुग्णालयात चला."

रक्तातली साखर बघून तिथल्या डॉक्टरांनी दादाला घरी सोडलंच नाही. अंगठा वाचेल की कापावा लागेल, ते त्यांना सांगता येईना. दादा उताणा पडून छताकडे बघत होता. अंगठ्याशिवाय कात्री धरता येत नाही. मला रडू आवरेना, म्हणून मी बाहेर येऊन उभा राहिलो.

तपासणीत स्टेरॉइड निघालं. त्याच दिवशी माझी मुलगी पटांगणातल्या रांगेत उभी राहिली.

"महाराज, मला पुडी विरजण न लावता द्या."

"ती निर्जीव, बाळ! तिचा काय उपयोग?"

"म्हणजे मुळीत काहीच नाही? जे आहे ते विरजणातच?"

मग ती रांगेकडे वळून म्हणाली, "पुडी काळ्या कापडावर ओता आणि पांढरे कण दिसतात का बघा." एका आजोबांनी आपली काळी छत्री उघडून उलटी धरली, तिच्यात पुडी ओतली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बघ रे, तुझी नजर चांगली आहे." मग छत्रीभोवती सगळी डोकी जमली. महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ झाली. ते पडद्यामागे गेले, पण तिथे मुलीने कळवलेले औषध खात्याचे अधिकारी आधीच पोचले होते. सिद्ध पुडीचा उगम सापडला: गोळ्यांचा डबा आणि भांडं तडकलेला मिक्सर.

माझी मुलगी ओट्यावर चढून घसा फोडून सांगत होती, "पुड्या फेकू नका! घेणंही आपल्या मनाने थांबवू नका! पुड्या घेऊन रुग्णालयात या!" रांग तशीच वळली आणि रुग्णालयाकडे निघाली.

दादाचा अंगठा वाचला. गुडघे पुन्हा दुखतात. मुलीने शिकवलेला व्यायाम, कोमट तेलाचं मालीश आणि कापायला उंच स्टूल, यांवर बरं चाललंय. साखरेच्या गोळ्या वेळेवर घेतो.

परवा एक गिऱ्हाईक दुकानात हळहळलं. "काही म्हणा मास्तर, त्या पुडीचा गुण तर येत होता!"

दादाने कात्री खाली ठेवली. "गुण येत होता, म्हणून तर मी एकदाही विचारलं नाही, यात काय घातलंय. तुम्ही विचारा. वैद्याला विचारा, डॉक्टरला विचारा. गुण आला तरी विचारा."