धरून ठेवलेली जागा

सकाळी पावणेआठला भुसावळकडची पॅसेंजर नंदुरबारहून सुटली आणि कोरीटची रुपा फलाटावरच राहिली. दोंडाईचाच्या शाळेत अकराला तिची मुलाखत होती. जागा धरायला नवऱ्याने, भूपेंद्रने, घाईत रुमालाऐवजी तिच्या प्रमाणपत्रांची फाइलच खिडकीच्या गजांतून सीटवर टाकली होती. दारात माणसं लोंबकळत होती. तो तिला आत रेटू लागला, तशी ती ओरडली, "नोकरी जाऊ द्या, मन्हा जीव जाई!"

गाडी गेल्यावर फाइलमधला नंबर पाहून डब्यातल्या एका प्रवाशाने फोन केला.

"ताई, चिंता नका करा. जागासाठे तीन जण भांडनात, पण तुमनी जागा कोणलेच दिधी नही."

"भाऊ, फाइल दोंडाईचाले उतारी द्या ना!"

"मालेच दरवाजापर्यंत जाता ई नही ऱ्हायनं, नि तठला फलाट खिडकीना दुसरी बाजूले शे!"

शेवटचा फोन आला तेव्हा गाडीने दोंडाईचा सोडलं होतं. फाइल सीटवरच होती.