ओढ्याचं तोंड

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. म्हटलं, दोन माणसं ओढ्यात बसून राहिली, यात सांगण्यासारखं काय आहे? पण बसली खरी.

मार्चच्या वादळाने वाळू लोटली आणि आमच्या ओढ्याचं तोंड बंद झालं. दरवर्षीच होतं. मग पाणी तुंबतं आणि मागे शेतात शिरतं. या वेळी ते तात्सुमीच्या तरव्यात, भाताची रोपं वाढवायच्या वाफ्यांत, चढत होतं. बियाणं त्याच्या बापाने राखलेलं, दुसरीकडे मूठभरही शिल्लक नाही. रोपं बुडाली की तो वाणच संपला.

तात्सुमी आणि त्याचा दोस्त सेइगो फावडी घेऊन वाळूत उतरले. पूर्वी अख्खं गाव उतरायचं. आता गाव धक्क्याच्या भिंतीवर बसून सल्ले देतं. गाव म्हणजे कुमाओकाका.

रीत अशी की समुद्राकडून खणत यायचं, ओढ्याजवळ हातभर वाळू ठेवायची, आणि ओहोटी लागली की तेवढी फोडायची. चर खणून झाला. भरती अजून चढतच होती.

"थांब आता," तात्सुमी म्हणाला.

"रोपांच्या नाकातोंडात पाणी जातंय आणि थांब काय!" सेइगोने फावडं हाणलं.

वाळू फुटली. जरासं पाणी बाहेर गेलं, आणि लगेच लाट चरातून आत आली. खारं पाणी.

"गाढवा!" तात्सुमी ओरडला आणि समुद्राकडे पाठ करून थेट चरातच बसला. "बघतोस काय? बस!"

सेइगो बसला. खांद्याला खांदा लागला, चर बुजला. फटींत दोघं वाळू लिंपत राहिले. दर लाट पाठीत धपाटा घालून जायची.

"देवळातल्या मूर्तीसुद्धा इतक्या गप्प बसत नाहीत रे," काका वरून म्हणाले. "नैवेद्य आणू?"

"चहा आणा, काका!"

"ओढ्यात बसून चहा! लाडाचे जावईच की!"

शेवटी आणला. त्यात वाळू होती.

ओहोटी लागली तोवर दोघांचे पाय बधिर झाले होते. तात्सुमी "ऊठ" म्हणाला. दोघं बाजूला झाले आणि चराच्या कडा कापत ओढा समुद्राकडे सुटला. संध्याकाळी पाणी उतरून तरवा उघडा पडला.

चार दिवसांनी एका वाफ्यातली रोपं मिठाने करपली. बाकीची तगली. दोघं करपलेली उपटत होते. सेइगोला आता आमच्याकडच्या कोची शहरात कामावर जायचं होतं.

"पुढच्या वर्षी मला एकट्याला जमायचं नाही," तात्सुमी मान वर न करता म्हणाला.

"रजा टाकून येईन."

"आणि?"

"आणि तू म्हणेपर्यंत फावडं उचलणार नाही. शप्पथ."