खालच्या आळीची विहीर

सन १९३१, वैशाख. पाणी तळाच्या पायऱ्यांना लागलं होतं, तेव्हा तो माणूस माझ्यात उतरला. मी सोलापूरजवळच्या एका गावातली, खालच्या आळीची विहीर बोलतेय. काळ्या दगडाची, पायऱ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून माझ्यातून घागरी भरत आल्या. मला त्याचा अभिमान होता.

तो माणूस म्हणजे एकनाथराव डॉक्टर. विद्यापीठाच्या पदवीसाठी ते नारूवर संशोधन करत होते. नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून माणूस आडवा.

डॉक्टरांनी माझं पाणी फडक्यातून गाळलं, काचेखाली बघितलं आणि म्हणाले, रोग इथूनच पसरतो. नारू झालेला पाय पाण्यात बुडतो, किडा पिल्लं सोडतो, तेच पाणी घरोघर पितात. मला राग आला. पण ते खरं होतं.

वरच्या आळीच्या विहिरीच्या पायऱ्या त्यांनी बुजवल्या, वर रहाट बसवला. मला तशीच ठेवली.

"आमची का न्हाय बुजवत?" म्हाळसाबाईनं विचारलं. आळीत तिचा शब्द चाले.

"एक बुजवायची, एक ठेवायची. वर्षभरानं दोन्हीकडचे नारू मोजायचे. तरच फरक कळेल."

"म्हंजी आमी तुमच्या ताजव्यातलं दुसरं पारडं म्हना की."

तिनं घागर काठावर टेकवली.

"एक वरीस थांबतो. फुडच्या वैशाखात हिच्या पायऱ्या बुजवायच्या. शबूद द्या."

त्यांनी दिला.

ते वर्ष मला चैन नव्हतं. पाय पाण्यात शिरला की माझं पाणी शहारायचं. फाल्गुनात म्हाळसाबाईच्या घोट्यातून नारू निघाला. काडी बांधून ती लंगडत उतरायची. वरच्या आळीचं पाणी आण, असं कुणी म्हटलं तर म्हणायची, "थांबतो म्हनलंय न्हवं?"

वैशाखात डॉक्टरांचे प्रोफेसर आले. छत्री पायरीवर टेकून म्हणाले, "एका वर्षाच्या आकड्यांवर पदवी मिळत नाही, एकनाथ. आणखी वर्षभर ही उघडी ठेव. नाहीतर तुझा प्रबंध मी पुढं पाठवणार नाही."

"मी शब्द दिलाय, सर."

"कुणाला?"

डॉक्टरांनी वर बघितलं. काठावर म्हाळसाबाई घागर घेऊन उभी होती.

प्रोफेसर निघून गेले. डॉक्टर माझ्या पायऱ्या चढत राहिले, उतरत राहिले. बसवेना त्यांना. मग वर गेले आणि गवंड्याला हाक मारली.

माझ्या पायऱ्या आता दगडमातीखाली आहेत. कुणाचा पाय मला लागत नाही. घागर तेवढी वरून येते.

रहाटाला दोर लावला, तेव्हा म्हाळसाबाई लंगडत आली; किडा आत तुटून तिचा पाय कायमचा आखडला होता.

"तुमची पदवी गेली म्हनं?"

"गेली."

"माजा पाय बी गेला."

तिनं पहिली घागर ओढली. डॉक्टरांनी ओंजळ धरली, पोटभर पाणी प्यायले.

"फिटलं," ती म्हणाली.