डिंपलने आणलेलं पाणी

"घड उतरवाले बैलजोडी जुंपली, तरी घड हलेना," इंदिराबाईंनी हात पसरून दाखवलं. "शेवटी मामंजींनी त्याच्या सावलीतच अख्खं वऱ्हाड जेवाले बसवलं."

मुक्ताईनगरहून आलेले अभिमननाना पोट धरून हसले. धाकट्या मुलासाठी, जितेंद्रसाठी, नानांची नात मागायची होती, म्हणून इंदिराबाईंनी केळीचा घड जरा जास्तच वाढवला होता.

सावद्याबाहेरच्या इंदिराबाईंच्या मळ्यात पाहुणा आला की आधी पाणी, मग बोलणं. सहा वर्षांच्या नातीला, डिंपलला, त्यांनी हे घोटून घोटून शिकवलं होतं. विचारायचं नाही, आणून द्यायचं, दोन्ही हातांनी. आणि मोठी माणसं बोलत असली की मधे तोंड उघडायचं नाही.

डिंपल आली. हातांत काचेचा गुलास, बगलेत बाटली, परत लागलं तर ओतायला. नानांनी हसतहसत गुलास घेतला.

बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी होती.

ती चिंधी सकाळी डिंपलच्या बापाने, हितेंद्रने, आजीदेखतच बांधली होती. आत ठिबकच्या नळ्या साफ करायचं ॲसिड होतं. माठ रिकामा होता, पण ते सांगायला मधे बोलावं लागलं असतं. म्हणून पोरीने शेजारची बाटली उचलली होती.

जन्मभर बडबडलेलं इंदिराबाईंचं तोंड ऐन वेळी सुकलं. गुलास नानांच्या मिशीला टेकला. इंदिराबाईंनी झेप घेतली आणि हाताने तो उडवला.

काच फुटली, धोतर भिजलं, शहाबादी फरशीवर फेस चढला. नाना सावरायच्या आत हौदावरची बादली त्यांच्या पायांवर रिकामी झाली. मग दुसरी. मग पोरीच्या बगलेतली बाटली काढून घेतली.

नाना ताडकन उठले. "इंदिराबाई, आल्या माणसाले असं करता तुम्ही?"

डिंपलचे ओठ वाकडे झाले. तिने तर सगळं शिकवल्यासारखंच केलं होतं.

खरं सांगितलं असतं तर पोरीला जन्माचं नाव चिकटलं असतं. "गुलासात इच्चू होता, नाना," इंदिराबाई म्हणाल्या. "वीतभर. दोन नांग्यांचा."

नानांनी फरशीवरचा फेस पाहिला. लाल चिंधी पाहिली. मग डिंपलकडे पाहिलं, आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी इंदिराबाईंनी हितेंद्रला असं झाडलं की त्याने मान वर केली नाही. डिंपल दाराआडून ऐकत होती. आजीने तिला जवळ घेऊन सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. मुक्ताईनगरहून निरोप येईना. इंदिराबाईंच्या गोष्टीही बंद पडल्या.

मग एका दुपारी नाना आपणहून आले. धोतर तेच, गुडघ्याखाली रफू केलेलं. बाजेवर बसत म्हणाले, "सोयरिकीचं मंग बोलू. डिंपल, पानी आन वं बेटी."

डिंपलने माठातून गुलास भरला. पाठ फिरवली. एक घोट स्वतः घेतला, आणि पोटावर हात ठेवून थोडी थांबली. मग फ्रॉकने काठ पुसून गुलास दोन्ही हातांनी पुढे केला.

पाहुण्याला उष्टं. इंदिराबाईंच्या ओठांवर शब्द आला आणि तिथेच राहिला.

नानांनीही सगळं पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून गुलास घेतला आणि थेंबही न ठेवता पाणी प्यायलं.