रोज कुरकुंभला जाणारं पुस्तक

माझ्या पुस्तकाला मी स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं आणि मला त्याचा चांगलाच अभिमान होता. हे आधीच सांगतो, म्हणजे मी पहिल्यापासून शहाणा होतो असा कुणाचा गैरसमज नको.

मी मच्छिंद्र. शिरूरला राहतो. तीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक म्हणून शिरूर-दौंडच्या वस्त्यावस्त्यांवर हिंडलो. लोक डॉक्टर म्हणायचे आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. निवृत्त झाल्यावर मेंढरांच्या दुखण्याखुपण्यावर एक पुस्तक लिहिलं. वर्षाच्या आत त्याच्या झेरॉक्स प्रती आठवडे बाजारात दिसायला लागल्या. मग व्हॉट्सॲपवर फिरत फिरत ते अख्खं पुस्तक एक दिवस मलाच आलं, वर ‘उपयुक्त माहिती, पुढे पाठवा’ असा शेरा मारून! माझं डोकंच फिरलं. छापील पुस्तक मी कायमचं बंद केलं.

नवी आवृत्ती काढली ती फक्त ई-पुस्तक म्हणून. तिच्यात गेणबा महानवरचं एक प्रकरण नव्यानं घातलं. गेणबा पाटसजवळचा मेंढपाळ. मेंढरांबद्दल मला शिकवलं ते खात्यानं कमी आणि गेणबानं जास्त. तो बोलायचा, मी वहीत उतरून घ्यायचो. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मग वहीतलं त्याचं बोलणं मी त्याच्याच शब्दांत पुस्तकात ठेवलं.

विक्रीचा फॉर्म माझ्या मुलीनं, अनुपमानं भरला. तिनं विचारलं, “आबा, संरक्षण कोणतं? कुलूप घातलं तर घेणाऱ्याच्या एकाच मोबाईलवर उघडेल. नाहीतर घेणाऱ्याचं नाव प्रत्येक पानाखाली येईल, मग तो कशावरही वाचू दे.”

“कुलूप,” मी म्हणालो. “नाव लिहून चोर थांबलाय कधी?”

“पण आबा, ज्यानं रीतसर घेतलंय त्याला...”

“कुलूप म्हटलं ना!”

चार महिन्यांनी फोन आला. “डाक्टर, मी अनसाबाई. पाटसची, महानवराची.” गेणबाची बायको. तिच्या हातचा चहा मी कैक वेळा प्यालो होतो. ती म्हणाली, “तुमच्या पुस्तकाचं कुलूप तेवढं काढून द्या की.”

माझी तार सटकली. म्हटलं, हिला कुणीतरी पढवलंय. कुलूप काढून घ्यायचं आणि पुन्हा गावभर वाटायचं! फोनवर मी धड बोललोही नाही. दुसऱ्या दिवशी एसटी धरली आणि न्हावरा, चौफुला करत पाटसला उतरलो. समोरासमोर चांगलं खडसवायचंच, असं ठरवून गेलो होतो.

अनसाबाई तोड झालेल्या उसाच्या रानात मेंढरं चारत होती. बांधावरच्या बाभळीखाली बसली होती आणि तिच्या हातात पाटीसारखं एक पातळ यंत्र होतं. तिची सून पूनम कुरकुंभच्या कंपनीत कामाला आहे, तिनं घेऊन दिलेला ई-रीडर. भर उन्हात त्याच्यावरची अक्षरं कागदावरच्या शाईसारखी स्वच्छ दिसत होती, आणि केवढी मोठी! एकेक चिंचोक्याएवढं.

“तुम्ही वाचता?” मी विचारलं. तिला सही येत नव्हती, हे मला पक्कं आठवत होतं.

“पूनमनं शिकवलं. मालक गेल्याव. ह्याच्यावर चार गोष्टीची पुस्तकं वाचली म्या. तुमचंच तेवढं ह्याच्यात येत न्हाई.”

“मग ते मोबाईलवर वाचायचं.”

“मोबाईल पूनमचा हाय, माझा बटणाचा. ती आठला कामाला जाती, सातला येती. माझं पुस्तक बी रोज तिच्या पर्समधी बसून कुरकुंभला जातंय.” ती हसली. “माझ्यापरीस तेच जास्त कंपनीत राबतंय.”

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. खडसवायला आलो होतो ना!

“रात्री वाचत जा.”

“मोतीबिंदूचं आप्रेशन झाल्यापास्नं त्या मोबाईलचा उजेड डोळ्यात घुसतोय. उनात धरला तर निस्तं माझंच तोंड दिसतंय त्यात. पूनम वाचून दावती, पर दमून आलेली असती, भराभरा वाचती. मला मालकांचं बोलणं एक-एक शब्द करून माझ्या तोंडानं वाचायचं हाय, डाक्टर. ह्या वयात अक्षरं शिकले ती त्याच्यापायीच की.”

मी वरमलो. खरं सांगायचं तर लाजच वाटली. पण हट्ट जाता जात नाही. म्हणालो, “गेणबाचं प्रकरण तुम्हाला मोठ्या अक्षरात कागदावर काढून पाठवतो.”

“फुकाट नगं. म्या पैसं देऊन पुस्तक घेतलंय. आपुन घेतलेलं आपल्यालाच उघडंना, ही कसली तऱ्हा?”

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरचा बिरदेव आपली मेंढरं घेऊन आला. बघता बघता दोन्ही कळप एकमेकांत मिसळले. मी धसकलो, पण त्या दोघांना त्याचं काही नव्हतं. बिरदेवनं एका मेंढीचा कान धरून अनसाबाईला दाखवला. कानाच्या टोकाला दोन खाचा होत्या, ही महानवरांची खूण.

“काल आमच्यात आली व्हती, मावशी,” तो म्हणाला आणि मेंढी सोडून पुढं गेला.

मी इतकी वर्षं हे कान बघत आलो होतो. कानाला जखम झाली की औषध लावायचो. पण त्या दिवशी विचारलं, “अनसाबाई, खुणेचा कानच कापून टाकून चोर मेंढरू नेत नाही का?”

“नेतो की. दोन वरसाखाली चार नेली.”

“मग?”

“मग काय? चोरापायी बाकीची घरात कोंडून घालू व्हय? हिंडल्याबिगर मेंढरू जगंल का? खूण आपली आसली म्हंजी ते कुठं बी चरू दे. शंभरातली नव्वद माणसं कान बघून माघारी आणून देत्यात.”

मी चहा घेतला आणि निघालो. परतीच्या एसटीत न्हावऱ्यापर्यंत मी चिडलेलाच होतो. पुस्तक काय मेंढरू आहे? पण एक गोष्ट मनातून जाईना. गेल्याच महिन्यात माझ्या कुलूपबंद पुस्तकाच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर मला आले होते. कुणीतरी एका मोबाईलनं दुसऱ्या मोबाईलचे फोटो काढले होते. म्हणजे ज्याला चोरायचं होतं त्यानं चोरलंच होतं. माझं कुलूप अडवत होतं ते फक्त अनसाबाईला.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी मी अनुपमाला म्हणालो, “तो नावाचा पर्याय अजून आहे का गं?”

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. चार शब्द सुनावायची संधी होती, पण पोर गुणी आहे. नुसती म्हणाली, “आहे, आबा.” ज्यांनी ज्यांनी पुस्तक घेतलं होतं त्या सगळ्यांना नवी प्रत गेली, आपापल्या नावाची.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला.

“डाक्टर, ऐका हं,” अनसाबाई म्हणाली आणि वाचायला लागली. शब्दाशब्दाला अडखळत, बोट ठेवल्यासारखं. “मेंढरू... कान पाडतंय... त्याच्या आदल्या दिशी... रवंथ सोडतंय. तवाच... वळखायचं.” गेणबाचं वाक्य. त्याचा तो घोगरा, सावकाश आवाज मला जसाच्या तसा ऐकू आला. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मग ती पानाच्या तळाशी आली. “ही प्रत... अनसाबाई...” ती थांबली. नवऱ्याचं नाव तिनं माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं. “...गेणबा... महानवर... यांची.”



“बिरदेव म्हणतोय, त्याला बी पायजे,” ती म्हणाली. “म्हणलं, माझं वाच. तर म्हणतो, नगं, माझ्या नावाचं पायजे.”

“पाठवतो की!”

“आन् डाक्टर, येक सांगू? आमच्या लग्नात पत्रिका न्हवती छापली. आमची दोघांची नावं एका जागी छापलेली म्या आत्ता पयल्यांदा बघितली. परत्येक पानाव हायती.”

मी वही ओढली आणि तिचं बोलणं उतरून घेतलं.

“ठिवते आता,” ती म्हणाली. “मेंढरं सोडायची हायती. पुस्तक संगं घेऊन चाललीय.”