मावशीचे अकरा बोळे

केंद्रावर सगळे तिला मावशी म्हणत. लोक नशेची पूड आणत आणि घेण्याआधी तिच्यात आणखी काय मिसळलंय ते तपासून घेत. पुडी उघडून चिमूटभर पूड यंत्रावर तपासायला द्यायची, हे मावशीचं काम. नऊ वर्षं झाली. कुणाला उपदेश नाही, कुणाकडे वाकडी नजर नाही. जे निघेल ते समोरच्याला तोंडावर खरं सांगायचं, एवढा एक नियम.

तीन आठवड्यांपूर्वी लेकीनं कुठेतरी वाचलं, की अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या हातांवर, सामानावर पुडीचे कण सापडतात. झालं! नात पाच महिन्यांची, हाताला लागेल ते तोंडात घालणारी.

"आई, आधी खात्री करून ये. मगच तिला घे."

"अगं, हातमोजे घालते, मास्क लावते, कपडे बदलून येते. आता काय कातडी सोलून येऊ?"

"मग खात्री करायला काय हरकत आहे?"

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन आठवडे तिनं नातीला लांबूनच पाहिलं, आणि ते जिवाला फार लागलं. पण राग ओसरला तसा डोक्यात किडा वळवळू लागला. खरंच, ही पूड जाते तरी कुठे?

एका सकाळी तिनं यंत्र चालवणाऱ्या पोरीला गाठलं. कापसाचे ओले बोळे, बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. हातमोजे चढवून मावशीनं एकेका बोळ्यानं टेबल पुसलं, मग खुर्चीचे हात, दाराची मूठ, चहाची किटली, पेन, नळ. मग स्वतःचं सामान: पर्स, किल्ल्या, फोन, बूट.

"माझी पैज किटलीवर," यंत्रवाली म्हणाली.

"माझी टेबलावर. दहा झाले. काय राहिलं बघू." मावशीनं यादी डोळ्यांजवळ धरली आणि हातमोज्यातल्या वाकवलेल्या बोटानं चष्मा वर सारला.

यंत्रवाली बघतच राहिली. "मावशी, आत्ता काय केलंत?"

"कुठे काय?"

"चष्मा काढा."

टेबल जवळजवळ स्वच्छ निघालं, कारण दर पुडीनंतर ते पुसलं जायचं. किटलीवर थोडंसं होतं. पर्स, किल्ल्या, फोन, बूट कोरे. अकराव्या बोळ्याला मात्र यंत्रानं ताडमाड रेघ काढली. चष्म्यावर तीन प्रकारची पूड होती. मावशी तोंडात बोटं घालणार होती, पण आज तेही परवडणारं नव्हतं.

आणि मग तिला आठवलं. नात मांडीवर आली की पहिल्यांदा चष्मा ओढायची. दांडी चघळत बसायची.

"एवढ्यानं काही होतं का गं?"

"मोठ्या माणसाला नाही. तान्ह्या बाळाचं मला माहीत नाही, म्हणून सांगत नाही."

मावशीनंही कुणाला हेच उत्तर दिलं असतं. आज ते फार कठोर वाटलं. नवा चष्मा घ्यावा, सगळं स्वच्छ निघालं म्हणावं, असं मनात येऊन गेलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी लेकीच्या दारात उभी राहून तिनं सगळं सांगितलं. लेकीचा चेहरा उतरला.

"म्हणजे ती चघळायची, ते..."

"हो. उद्याच डॉक्टरांना दाखवू. मी येते बरोबर."

लेकीनं आईच्या बिनचष्म्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तो चष्मा कुठे आहे आता?"

"केंद्रावर, पिशवीत बांधून."

"मग बस कशी पकडलीस?"

"दर बसला हात करत. चौथी आपली निघाली."

लेकीला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "हात धू. तोंडपण," ती म्हणाली.

मावशीनं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा तोंड धुतलं. मग लेकीनं नातीला तिच्या हातात दिलं. मावशीला चष्म्याशिवाय जवळचंही धड दिसत नव्हतं. एक उबदार, गोल, धूसर चेहरा, बस. छोटा हात सवयीनं वर आला, नाकाशी थबकला, गालावर फिरला, पुन्हा नाकाशी आला.

"हसतेय का गं?" मावशीनं विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "शोधतेय."